छपाईची सही

या अंकाच्या संपादकांनी फोनवर मला सांगितलं, "ताई, वाशिमला तुम्ही संपादन आणि प्रकाशनाचा अभ्यासक्रम सुरू केला होता ना, त्यावर लिहा. गमतीजमती असतीलच. फक्त कटुता नको, सणाचा अंक आहे."

गमतीजमती आहेत. कटुतेचं मला काही करता येणार नाही. दोन वर्षं झाली, अजून त्या कॉलेजवरून ऑटो गेला की मी मान दुसरीकडे वळवते. रागावून लिहिलेलं चालणार नसेल तर संपादकांनी हा लेख परत पाठवावा. मी एकतीस वर्षं लोकांचे लेख परत पाठवले आहेत, मला वाईट वाटणार नाही.

मी मूळची अनसिंगची. लग्नानंतर पुण्याला गेले आणि एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, वाचायच्या कामाला लागले. पुढे संपादक झाले. संपादक म्हणजे कोट घालून अग्रलेख लिहिणारा, असं बऱ्याच लोकांना वाटतं. पुस्तकांचा संपादक तसा नसतो. लेखक लिहून मोकळा होतो, वाचक विकत घेऊन वाचतो, आणि मधे एक माणूस बसलेला असतो जो विचारतो, "पान चाळीसवर काका वारले, मग पान साठवर ते चहा कसे पितात?" हे विचारण्याचा त्याला पगार मिळतो. काम चांगलं झालं तर कोणाला कळत नाही. चुकलं तर सगळ्यांना कळतं.

निवृत्त झाल्यावर वाशिमला परत आले. धाकटा भाऊ इथेच असतो, त्याच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या. वर्षभरात इथल्या एका कॉलेजचे प्राचार्य घरी आले. वनस्पतिशास्त्राचे माणूस, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखी व्यक्ती गावात बसून आहे, हे आमचं भाग्य. विद्यापीठ नवे पदविका अभ्यासक्रम मागतंय. संपादन-प्रकाशनाचा एक तुम्ही तयार करा. पश्चिम विदर्भात असं काही नाही."

मी हुरळले, हे कबूल करते. दीड महिना बसून अभ्यासक्रम लिहिला. अर्धा वर्गात, अर्धा हाताने करायचा. प्रत्येकाने शंभर पानांचं मुद्रित वाचायचं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नपत्रिका, निविदा, शाळेचा दाखला हे सगळं तपासायचं. एक छोटं पुस्तक पहिल्या कागदापासून बांधणीपर्यंत काढायचं.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची बैठक अजून डोळ्यांसमोर आहे. लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर फरसाणाची बशी. अध्यक्षांनी माझी पानं उलटत विचारलं, "यात संकल्पना, स्वरूप आणि व्याप्ती कुठे आहे?"

मी म्हटलं, "काम शिकवलं की संकल्पना कळते."

"तसं नसतं मॅडम. पहिला घटक संकल्पना, स्वरूप आणि व्याप्ती हाच असतो. प्रत्येक विषयात असतो."

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "आणि वाशिम जिल्ह्यात प्रकाशक किती आहेत? पोरं शिकून जातील कुठे?"

मी म्हटलं, "प्रकाशक मोजू नका. छापलेल्या कागदामुळे अडलेली माणसं मोजा. दाखल्यावर 'शिंदे'चं 'शिंद' झालं म्हणून तहसीलच्या रांगेत उभी राहणारी माणसं मोजा. ती एक मात्रा कोणीतरी वाचायला हवी होती."

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांनी माझं शंभर पानांचं प्रात्यक्षिक काढलं, त्या जागी 'संपादनाचा इतिहास' घातला, आणि पुस्तक काढण्याचं काम 'प्रकल्प' या नावाखाली शेवटी वीस गुणांना ठेवलं. मी सही केली. तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण वाटलं, एकदा दार उघडू दे, आत काय शिकवायचं ते मी ठरवीन.

आणि तसंच केलं. हजेरीपटावर 'संकल्पना, स्वरूप आणि व्याप्ती' लिहायचं आणि वर्गात लाल पेन वाटायचे. वर्ग म्हणजे रसायनशास्त्राची जुनी सामानाची खोली. तिथे उन्हाळ्यातही गंधकाचा वास यायचा.

दुसऱ्या वर्षी अकरा जण होते. त्यातल्या दोघांची ओळख करून द्यायला हवी.

कामरगावचे देविदासभाऊ पन्नाशीचे. त्यांचं झेरॉक्स आणि लग्नपत्रिका छापण्याचं दुकान. पहिल्या दिवशी मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला ही पदविका कशाला हवी?" ते गंभीरपणे म्हणाले, "ताई, मागच्या सालात एका पत्रिकेवर तारीख सोमवारची अन् वार मंगळवार छापला गेला. चार गावचे लोक सोमवारी जेवाले आले, अन् नवरदेव मंगळवारी आला. मुलीच्या बापानं माह्या दुकानात येऊन मले काय नाई म्हटलं. नुसता खुर्चीवर बसून रडला. मंग मी ठरवलं, हे शिकाचंच."

इतकं नेमकं कारण घेऊन आलेला विद्यार्थी मला पुण्यातही भेटला नव्हता.

दुसरी रूपाली. वाशिमच्या वेशीबाहेर त्यांचा मळा, मेथी-कोथिंबीर-वांगी-मिरची. पहाटे वडिलांबरोबर माल बाजारात टाकून ती वर्गाला यायची, नखांत माती असायची आणि लाल पेन धरताना ती लपवायची. बी.ए. झालेली. बोलायची अस्सल वऱ्हाडी आणि वाचायची अशी की मी पाहत राहायचे. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. आकडा डोळ्यांनी वाचायचा नाही, एकाने मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने ऐकून ताडून बघायचा, कारण डोळा सवयीने चूक दुरुस्त करून घेतो, कान करत नाही. बाकीच्यांना ते जमायला महिना लागला. रूपालीला पहिल्याच दिवशी जमलं. म्हणाली, "म्याडम, आडतीवर बाबा भाव सांगते अन् मी ऐकते. आमचं असंच चालते."

त्या वर्षी कॉलेजने शेतकरी मेळावा ठरवला. त्याच सुमारास अभ्यासक्रमाची मुदत वाढवायची की नाही हे बघायला विद्यापीठाची समिती येणार होती. प्राचार्यांनी दोन्हींची सांगड घातली. त्यांनी स्वतः भाजीपाला लागवडीवर चाळीस पानांची पुस्तिका लिहिली आणि हस्तलिखित माझ्यापुढे ठेवलं. "हाच तुमचा प्रकल्प. आपल्या विद्यार्थ्यांनी काढलेलं पहिलं पुस्तक. समितीपुढे ठेवू, मेळाव्यात वाटू."

मलाही ते आवडलं. मुलांनी जीव ओतून काम केलं. देविदासभाऊंनी पानांची मांडणी केली, वाचायचं काम रूपालीकडे आणि आणखी दोन मुलींकडे दिलं. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर 'मुद्रितवाचन' म्हणून तिघींची नावं घालायची असं ठरलं. रूपालीने पहिल्या मुद्रितातल्या आपल्या नावाचा मोबाइलमध्ये फोटो काढून घरी दाखवला होता.

दुसऱ्या मुद्रिताच्या वेळी ती पानं घेऊन माझ्याकडे आली.

"म्याडम, हे मिरचीचं पान पाहा. फवारणीत लिवलं हाय, एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम विद्राव्य खत."

"मग?"

"पंप पंधरा लिटरचा असते. म्हणजे एका पंपाले पाऊण किलो. माहा बाप एवढं अख्ख्या वावराले वापरत नाई. हे दहा लिटर पाहिजे. एकाच्या पुढचं शून्य गळलं असंन."

"मूळ हस्तलिखितात काय आहे?"

"तिथंबी एकच हाय. सरांच्या हातचं."

इथे मला आमच्या धंद्याचा एक नियम सांगावा लागेल. छपाईतली चूक आम्ही आमच्या अधिकारात सुधारतो. पण मजकुरातली चूक दिसली, तर ती सुधारायची नाही. बाजूच्या कोऱ्या जागेत वर्तुळ करून प्रश्नचिन्ह टाकायचं आणि लेखकाला लेखी विचारायचं. पुस्तक त्याचं, नाव त्याचं, शेवटचा शब्द त्याचा. हा नियम मी एकतीस वर्षं पाळला आणि त्यावर माझा विश्वास होता. रूपालीला मी तोच सांगितला. तिने सुबक अक्षरात लिहिलं, "१ लिटर की १० लिटर? प्रमाण फार होते. कृपया तपासावे." आणि ती पानं प्राचार्यांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी परत आली. प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं, "बरोबर आहे. बदलू नये." खाली सही.

रूपाली माझ्यासमोर उभी राहिली. "म्याडम, हे बरोबर नाई. पानं जळतीन."

मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. ते समितीच्या स्वागताच्या यादीत गुंतले होते. मी विषय काढला तसे हसले. "मॅडम, मी वनस्पतिशास्त्र सत्तावीस वर्षं शिकवतोय. आता बाजारात मेथी विकणाऱ्या मुलीकडून मी प्रमाण शिकायचं का? तुम्ही शुद्धलेखन बघा. शास्त्र माझ्यावर सोडा."

"एकदा पुस्तकात बघून घ्या ना, सर."

"वेळ आहे का? परवा समिती."

मी बाहेर आले. वर्गात जाऊन रूपालीला म्हटलं, "आपण विचारलं. आता जबाबदारी त्यांची." आणि छपाईला जाणाऱ्या शेवटच्या पानांवर 'छपाईस योग्य' असं लिहून माझी सही केली. संपादकाच्या त्या सहीशिवाय छापखाना यंत्र सुरू करत नाही. ती सही करताना माझा हात थांबला नाही, हे मला आजही झोंबतं. मी नियम पाळत होते.

मेळावा झाला. समितीने पुस्तिका चाळली, मुखपृष्ठाचं कौतुक केलं. कोणाला कोणत्या गावची प्रत दिली याची वही रूपालीनेच लिहिली. प्राचार्यांच्या गळ्यात हार पडले.

महिना-सव्वा महिना झाला असेल. इंझोरीचे किसनभाऊ नावाचे शेतकरी कॉलेजात आले. मी त्या दिवशी नव्हते. कार्यालयातल्या लिपिकाने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, तसंच लिहिते. एका हातात पिशवी, पिशवीत मिरचीची दोन उपटलेली झाडं, पानं कडेनं करपून गुंडाळलेली. दुसऱ्या हातात आमची पुस्तिका. किसनभाऊंच्या घराने वर्षानुवर्षं दिवाळी झाली की मजुरीसाठी वीटभट्टीचा रस्ता धरलेला. त्या वर्षी विहिरीला पाणी लागलं म्हणून पहिल्यांदाच अर्ध्या एकरात मिरची लावून ते गावात राहिले होते. भाजीपाल्याचा अनुभव शून्य. म्हणून पुस्तकात लिहिलं तसं केलं.

प्राचार्यांनी झाडं पाहिली. विचारलं, "पुस्तक कोणी वाचलं?"

किसनभाऊ म्हणाले, "मले नाई वाचता येत, साहेब. सुनेनं वाचून सांगितलं. दहावी पास हाय."

"झालं तर मग. तिने वाचायला चूक केली. दहाचं एक वाचलं असेल. पुस्तकात सगळं बरोबर आहे."

पुस्तक त्या माणसाच्या हातात होतं. ते उघडून पान बघायला प्राचार्यांना दहा सेकंद लागले असते. त्यांनी बघितलं नाही. किंवा बघायची गरज नव्हती, त्यांना माहीत होतं. कारण 'दहाचं एक' हे त्यांना कोणी सांगितलं होतं? तो प्रश्न जगात फक्त रूपालीने विचारला होता.

हे ऐकून मी जागची उठले. मी तशीच प्राचार्यांकडे गेले आणि म्हटलं, "सर, इंझोरीला माणूस पाठवा. आज पाठवा. आणि पुस्तिकेला शुद्धिपत्र जोडा." शुद्धिपत्र म्हणजे पुस्तकात चूक राहिली तर नंतर चिकटवायची छोटी चिठ्ठी. चांगल्या चांगल्या प्रकाशकांच्या पुस्तकांत असते. त्यात लाज काही नाही.

ते म्हणाले, "मॅडम, शुद्धिपत्र काढलं की चूक झाली हे लेखी होतं."

"चूक झालीच आहे."

"कोणाची, ते ठरायचंय."

आठवड्याने अनसिंगच्या एका शिक्षकाचं पत्र विद्यापीठात पोचलं, पान नंबरसकट. त्यांनी फवारलं नव्हतं, फक्त वाचून त्यांना खटकलं होतं. आता लपवता येईना. चौकशी बसली. तिघे जण आले, पुन्हा फरसाणाच्या बश्या. प्राचार्यांनी दुसरं पान उघडून समोर ठेवलं. "मुद्रितवाचन विद्यार्थिनींनी केलं आहे. नावं छापली आहेत. आम्ही विश्वासाने काम सोपवलं."

मी पिशवीतून ते मुद्रित काढलं. रूपालीचं वर्तुळ, तिचा प्रश्न, खाली "बरोबर आहे. बदलू नये" आणि सही. तिघांनी आळीपाळीने पाहिलं. मग त्यातले वयाने मोठे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे इथेच ठेवून जा."

"नाही," मी म्हटलं. "हवी तर प्रत देते. मूळ माझ्याकडे राहील."

बैठकीनंतर ते मला व्हरांड्यात भेटले. आवाज एकदम घरगुती. "हे बघा, तुमचा अभ्यासक्रम छान आहे. मुदतवाढीची शिफारस मी स्वतः करणार होतो. संस्थेची अब्रू गेली तर अभ्यासक्रम कुठे राहील? तुम्ही दोन ओळी लिहून द्या, विद्यार्थिनीकडून नजरचुकीने आकडा राहून गेला. विद्यार्थी आहेत, त्यांना कोण काय करणार? फार तर समज देऊ."

मी तिथल्या तिथे नाही म्हटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी "विचार करते" म्हटलं. घरी आले आणि खरंच विचार केला, अख्खा एक दिवस. पुढच्या वर्षासाठी चौदा अर्ज आले होते. त्यात अनसिंगच्या दोन मुली होत्या, माझ्याच शाळेतल्या. दोन ओळी लिहून दिल्या तर ते सगळं टिकणार होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळं सांगून टाकलं. देविदासभाऊ तावातावाने उठले, "काहून लिहून द्याचं? चूक कोनाची अन् भोगाचं कोनी?" पण रूपाली बसूनच होती. ती म्हणाली, "म्याडम, द्या लिहून."

"काय?"

"माहं काय जाते? मी मळ्यातच राहीन. कोर्स राह्यला तं बाकीच्या पोरी शिकतीन. मले शिकाचं होतं ते मी शिकली."

तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारभाव सांगावा तसा. मला तिचा राग आला नाही, मला माझा राग आला. चाळीस पानांत एकच चूक होती, ती या मुलीने शोधली, वेळेवर शोधली, लेखी विचारली. आणि आता तीच म्हणत होती की माझ्या नावावर टाका. आम्ही तिला हेच शिकवलं होतं का? मोठा माणूस चुकला की लहानाने मान पुढे करायची, ही पदविका घ्यायला तिला रोज पहाटे बाजार उरकून यायची गरज नव्हती. ती तिला फुकट मिळत होती.

मी तिथेच पानभर पत्र लिहिलं. चूक कोणाची, ती कोणी पकडली, कोणी फेटाळली. आणि शेवटी, मला शंका माहीत असताना छपाईची सही मी केली, हेही. देविदासभाऊंनी तीन प्रती काढल्या. एक विद्यापीठाला, एक चौकशीवाल्यांना, एक प्राचार्यांच्या टेबलावर.

उत्तर आलं नाही. चौकशीचा अहवाल आजवर मी पाहिलेला नाही. दीड महिन्याने कळलं की 'अपुरी विद्यार्थिसंख्या' या कारणाने अभ्यासक्रम पुढे चालवू नये असं ठरलं आहे. चौदा अर्ज माझ्या कपाटात होते. अकरा जणांच्या पदविका मात्र आल्या, त्याही मी तीन चकरा मारल्यावर. प्राचार्य यंदा निवृत्त झाले, त्यांच्यावर गौरवग्रंथ निघाला. त्याचं संपादन कराल का, असं मला विचारायलाही लाज वाटली नाही त्यांना. मी फोन ठेवून दिला.

पण शुद्धिपत्र राहिलं होतं. कॉलेज काढणार नव्हतं. देविदासभाऊ म्हणाले, "ताई, माह्या दुकानात काढू. कागदच लागते, आणखी काय लागते?" बोटभर रुंदीच्या चिठ्ठ्या आम्ही कापल्या. त्यावर एवढंच: 'पान २३, ओळ ९. १ लिटर ऐवजी १० लिटर वाचावे. चूक पुस्तकाची आहे.' शेवटचं वाक्य रूपालीने घालायला लावलं. शुद्धिपत्रात तसं कोणी लिहीत नाही. मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "इंझोरीच्या सुनेसाठी."

वाटपाची वही तिच्याकडे होतीच. गावं वाटून घेतली. कामरगावचा बाजार देविदासभाऊंनी उरकला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पुस्तिका घेऊन या म्हणून सांगायचे आणि चिठ्ठी स्वतः चिकटवायचे. अनसिंगला मी गेले. तिथे एका गृहस्थाने पुस्तिका माळ्यावरून काढून दिली, मेळाव्यातल्या पिशवीतून बाहेरही आली नव्हती. दुसऱ्याकडे ती दाराला आधार म्हणून खाली लावलेली. आपण काढलेलं पुस्तक कोणी वाचलं नाही, याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

इंझोरीला मी आणि रूपाली बरोबर गेलो. किसनभाऊंचं घर सापडलं तेव्हा अंगणात गाठोडी बांधलेली होती. भांड्यांचं पोतं, ताडपत्री, शिधा. भट्टीवर न्यायला गाडी दोन दिवसांनी येणार होती. मिरचीचा तुकडा घरामागेच होता, तिथे आता नुसत्या काड्या उभ्या.

किसनभाऊंनी बाज पुढे केली. रूपालीने सांगायला सुरुवात केली, कोण, कुठून आलो, काय झालं. ऐकता ऐकता त्यांचं तोंड उतरत गेलं. दारात त्यांची सून उभी होती, सुनीता. पदर दातात धरलेला. सासू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "तवापासून हिले काही वाचाले देत नाई आमी. दवाईची बाटलीबी शेजारच्या पोराकडून वाचून घेतो."

"तिने बरोबर वाचलं होतं," मी म्हटलं. "छापलंच चुकीचं होतं."

किसनभाऊ म्हणाले, "साहेब तं म्हणे, सुनेनं चुकवलं. मी घरी येऊन लय बोललो तिले. लोकांसमोर बोललो." मग माझ्याकडे वळून विचारलं, "पुस्तक तुमी लिवलं का?"

"नाही. पण छापा म्हणून सही मी केली."

"तुमाले मालूम होतं, चूक हाय म्हणून?"

"शंका होती. हिने सांगितलं होतं."

"मंग काहून छापलं?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. लेखकाचा शेवटचा शब्द, विचारायची पद्धत, वर्तुळातलं प्रश्नचिन्ह, हे सगळं मला त्या अंगणात सांगता येईना. "माझं चुकलं," एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली, माफ केल्यासारखी नव्हे, उत्तर ऐकलं एवढंच सांगण्यापुरती.

सुनीताने आतून पुस्तिका आणली. कोनाड्यात कापडात गुंडाळून ठेवलेली होती. रूपालीने चिठ्ठी आणि डिंकाची बाटली पुढे केली, पण सुनीताने आधी पान तेवीस उघडलं. बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करत तिने जुनी ओळ वाचली. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम. मग चिठ्ठी वाचली. शेवटचं वाक्य वाचताना ती अडखळली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मामाजी, ऐकलं का?"

"ऐकलं, माय," किसनभाऊ खाली बघत म्हणाले.

तिने चिठ्ठी नीट चिकटवली, तळव्याने दाबली. मग रूपालीला म्हणाली, "मले अजून चार-पाच द्या."

"पुस्तकं आहेत का आणखी?" मी विचारलं.

"पुस्तकं नाई. लोकं हायेत."

रूपालीने हातातला सगळा गठ्ठा तिला दिला. दोन दिवसांनी ते घर भट्टीवर गेलंच, ते काही आमच्या चिठ्ठीने थांबलं नाही. पण त्या दुपारी सुनीता डोक्यावरचा पदर सारखा करून शेजारच्या अंगणात गेली, तिथल्या बाईला हाक मारून बाहेर बोलावलं, आणि तिच्यासमोर उभं राहून मोठ्याने, पान आणि ओळीच्या नंबरसकट, वाचायला लागली.